पिवळी रेघ

जुलैतला दिवस होता. मधली सुट्टी संपून नववीचा तास सुरू व्हायचा होता. बाहेर झिमझिम चालू होती, आणि ओली दप्तरं, ओल्या चपला आणि डब्यांतलं लोणचं यांचा मिळून जो एक वास होतो तो वर्गात कोंडला होता. तिसऱ्या बाकाखाली काहीतरी पिवळं पडलेलं दिसलं म्हणून उचललं. बोटाएवढं लांब, गुळगुळीत, जरासं चपटं, एका टोकाला निमुळतं. हायलायटर असतं तसं. हातात घेतल्यावर आंब्याचा मंद वास आला, आमरसाचा नाही, आंब्याच्या गोळीचा येतो तसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हल्ली खोडरबरालासुद्धा स्ट्रॉबेरीचा वास असतो. "कुणाचं रे हे?" म्हटल्यावर त्याच बाकावरचा मुलगा उभा राहिला. "सांभाळून ठेवत जा, फुकट येत नाहीत," असं म्हणून मी ते त्याच्या हातात ठेवलं. "थँक्यू मॅडम," तो म्हणाला. मी फळ्याकडे वळले.

ते हायलायटर नव्हतं.

हे मला कळलं तीन आठवड्यांनी, कार्यशाळेत. तंबाखूमुक्त शाळेच्या कामासाठी प्रत्येक शाळेतून एक शिक्षक बोलावला होता. आमच्याकडून मी, कारण मी विज्ञान शिकवते, आणि मुख्याध्यापकांनी "कोण घेतंय हे?" असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी पटापट वह्या तपासायला घेतल्या आणि माझ्या हातात नेमका चहाचा कप होता. सभागृहात पंखे घरघरत होते. जेवणानंतरची वेळ, पुढच्या रांगेतले एक गुरुजी बसल्या जागी झुलत होते. बोलायला आलेली समुपदेशक माझ्या भाचीच्या वयाची. तिनं पडद्यावर ई-सिगारेटींची, पोरं ज्याला व्हेप म्हणतात त्यांची, एकेक चित्रं दाखवायला सुरुवात केली. पेनड्राइव्हसारखं एक, लिपस्टिकसारखं एक, फ्रूटीच्या खोक्याएवढं एक. आणि मग ते पिवळं. माझे कान तापले. शेजारच्या मॅडम "काय बाई एकेक निघतंय" म्हणत होत्या आणि मी मान खाली घालून वहीत लिहीत होते. घरी येऊन बघितलं तर त्या पानावर 'आंबा' हा शब्द तीनदा लिहिलेला.

आत एक छोटी बॅटरी, एक तार, आणि कापसात मुरवलेला द्रव. ओढलं की तार तापते आणि धुरासारखा लोट निघतो. पोरं त्याला वाफ म्हणतात, म्हणजे भाताच्या कुकरला असते तशी निरुपद्रवी काहीतरी. पण ती पाण्याची वाफ नसते. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वासाची रसायनं आणि निकोटिन यांचे बारीक बारीक थेंब असतात ते. सिगारेटच्या वासासारखा याचा वास अंगाला चिकटून राहत नाही. बोटं पिवळी पडत नाहीत, राख पडत नाही, थोटूक उरत नाही. या सगळ्यावर देशात बंदी आहे, २०१९ पासून. तो अध्यादेश निघाला १८ सप्टेंबरला. मी तारखेवरून आठवून बघितलं, तेव्हा आम्ही काय करत होतो? महापूर ओसरून महिना झाला होता. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, आणि आम्ही सगळे गावभागातल्या घराघरांतून गाळ उपसत होतो, भिजलेली हजेरीपत्रकं गच्चीवर वाळत घालत होतो. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढा कडक कायदा. आमच्यापर्यंत त्याची बातमीसुद्धा पोचली नव्हती. वस्तू मात्र पोचली.

आणि मी कोण, तर शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारणारी बाई. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा कायदा २००३ पासून आहे. हे अंतर दिसावं म्हणून रस्त्यावर रेघ मारायची आणि तिच्या बाजूला 'तंबाखूमुक्त क्षेत्र' असं लिहायचं. शंभर यार्ड म्हणजे साडेएक्क्याण्णव मीटरला किंचित कमी. खेळाच्या सरांची ३० मीटरची टेप, शिपाईमामा, मी आणि आठवीतली चार उत्साही मुलं असे आम्ही जून संपता संपता गेटपासून निघालो. तीन टेपा आणि वर थोडं. रेघ आली बरोबर पिठाच्या गिरणीसमोर. गिरणीच्या पलीकडे पाच पावलांवर टपरी! म्हणजे टपरी कायद्यात बसत होती. मुलं हिरमुसली. त्यांना वाटलं होतं टपरी उठणार, पोलीस येणार. एकजण म्हणाला, "मॅडम, टेप जरा ढिली धरूया का?" ऑइलपेंटचा डबा, जुना ब्रश, सुतळी धरून मारलेली सरळ रेघ. मग फोटो. फोटोशिवाय काही नाही. निकष नऊ आहेत आणि प्रत्येकाला पुरावा लागतो. आवारात फलक, गेटवर फलक, भिंतीवर पिचकाऱ्यांचे डाग नकोत, थोटकं नकोत, पुड्या नकोत, सहा महिन्यांत एखादा उपक्रम झालेला हवा. तंबाखूविरोधी दिन येतो ३१ मे ला, तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. त्यामुळे आमची प्रभातफेरी दरवर्षी जूनमध्ये निघते आणि पोरं पावसात भिजत 'तंबाखू सोडा' म्हणत गल्लीतून फिरतात.

सगळे निकष डोळ्यांना आणि नाकाला समजणारे. डाग, थुंकी, वास. त्या दिवशी हातात आलेल्या वस्तूला यातलं काहीच नव्हतं.

कार्यशाळेहून परत आल्यावर मी आधी गेले ते टपरीवाल्याकडे. का गेले? कुणालातरी दोष द्यायचा होता बहुतेक. पन्नाशी उलटलेला माणूस, कानावर पेन्सिल, पुढ्यात पाण्याच्या डब्यात नागवेलीची पानं. गुटखाबंदी आली २०१२ मध्ये, तेव्हापासून तो आम्हा मास्तर लोकांकडे संशयानं बघतो. मला बघून त्यानं आधी रेघेकडे बोट दाखवलं. "मी तुमच्या रेघंच्या भाईर हाय, बाई." मी म्हटलं, त्यासाठी नाही आले. फोनवरचं चित्र दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, बघितलं आणि हसला. "हे व्हय. पेनातनं ओढायचं. गेल्या दिवाळीपास्नं पोरं हितं उभी ऱ्हाऊन बोलत्यात की. माझ्याकडं न्हाई मिळत ह्ये. मोबाइलवर मागवत्यात, पार्सल येतंय." जरा थांबून म्हणाला, "शाळेच्या कापडातलं पोरगं आलं तर मी सुपारीबी देत न्हाई. कुणाला पटत न्हाई त्ये सोडा." मला पटलं का, हे मलाही नीट सांगता येणार नाही. पण गेल्या दिवाळीपासून गल्लीला माहीत असलेली गोष्ट मला पडद्यावर चित्र दाखवल्यावर कळली, हे खरं होतं. निघताना त्यानं विचारलं, "चा घेता का?" मी घेतला. रेघेच्या बाहेर उभी राहून.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि आठवत राहिली ती आई. आमचं गाव वाळवा तालुक्यात. महिन्यातून एकदा आई मिश्री भाजायची. चुलीवर जुना तवा, त्यावर तंबाखूचा चुरा, आणि मग जो खाट उठायचा तो डोळ्यांत, घशात, वाळत घातलेल्या कपड्यांत. आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. तंबाखू काळाकुट्ट झाला की खलबत्त्यात कुटायचा, फडक्यातून चाळायचा आणि डबीत भरायचा. पहाटे उठून चूळ भरायच्या आधी आईचं बोट त्या डबीत जायचं. उंबऱ्यावर बसून ती दातांवर बोट फिरवत राहायची, नजर कुठंतरी लांब, दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. दिवसभरात तेवढीच काय ती तिची बसलेली वेळ. गल्लीतल्या सगळ्या बायकांचं असंच होतं. मिश्री लावल्याशिवाय परसाकडं होत नाही, असं त्या एकमेकींना सांगायच्या आणि ते त्यांना खरंच वाटायचं. खरं सांगू? तो भाजल्याचा खाट सोडला तर डबीतला तो वास मला आवडायचा. अजूनही आवडतो. सात-आठ वर्षांची असताना माझा दात दुखत होता, तेव्हा आईनंच चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली. "लाव, बधिर हुतंय." डोकं गरगरलं, पडवीत ओकले, आणि घरातली सगळी हसली. वडिलांची पुडी आणायला दुकानात मीच जायचे. पुडी, चुन्याची डबी, आणि उरलेल्या पैशाची लिमलेटची गोळी. मोबदला.

बाल न्याय कायद्यात एक कलम आहे, ७७ वं. लहान मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. कार्यशाळेत हे ऐकलं तेव्हा सगळ्यांनी टपरीवाला डोळ्यांसमोर आणला असणार. मी बसल्या जागी हिशेब केला. आईची सात. पुडी माझ्या हातात देणारा दुकानदार, त्याची रोजची सात, म्हणजे तो अजून आतच असता. आणि नववीच्या वर्गात, तीसेक साक्षीदारांसमोर, "सांभाळून ठेवत जा" असा सल्ला देऊन निकोटिन मुलाच्या हातात ठेवणारी मी. हसू आलं मला, आणि मग ते टिकलं नाही.

आता त्या मुलाशी बोलायचं कसं? समुपदेशक मुलीनं एक सांगितलं होतं. सगळ्यांसमोर उभं करू नका, दप्तर उलटं करू नका, आणि 'का केलंस' विचारू नका, त्याला उत्तर नसतं. एकच प्रश्न विचारा: सकाळी जाग आल्यावर किती वेळात लागतं? पाच मिनिटांत हात जात असेल तर गुलामी पक्की. तास-दोन तास निघत असतील तर अजून सैल आहे. दिवसातून किती वेळा ओढतो त्यापेक्षा हा प्रश्न जास्त सांगतो म्हणाली. मी तो प्रश्न चार दिवस तोंडात घोळवत हिंडले. पण विचारायच्या आधी वर्गात वेगळंच झालं.

नववीला आम्ल, आम्लारी आणि क्षार आहे. चुना आम्लारी, हे सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तंबाखूत चुना का मळतात रे?" वर्ग एकदम जागा झाला. एरवी लिटमसचा रंग विचारला तर भिंतीकडे बघणारी पोरं! "चुन्याशिवाय लागत नाही मॅडम," मागून एकजण ओरडला, आणि हशा पिकला. पण त्यानं अगदी बरोबर सांगितलं होतं. पानात निकोटिन बरंचसं आम्लाशी बांधलेलं असतं. चुन्यानं ते मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या कातडीतून झपकन रक्तात शिरतं. आमच्या आजोबा-पणजोबांनी, एक सूत्र न शिकता, तळहातावर अंगठ्यानं मळून मळून हे रसायनशास्त्र पक्कं केलेलं. पण हे मोकळं निकोटिन जहाल असतं, ते घसा सोलतं, चरचरतं. नवशिक्या ठसकतो, ओकतो. मी फळ्यावर चुन्याच्या शेजारी दुसरं नाव लिहिलं: बेंझोइक आम्ल. त्याचा भाऊबंद सोडियम बेंझोएट सरबताच्या बाटलीवर लिहिलेला असतो, टिकावा म्हणून. या नव्या यंत्रांत उलटी युक्ती केलेली असते. निकोटिनमध्ये आम्ल घालून त्याचा क्षार करतात. क्षार झाला की तो घशाला लागत नाही. चरचर नाही, ठसका नाही. त्यामुळे कितीही घट्ट भरता येतं, आणि चौदा वर्षांच्या कोवळ्या घशाखालूनसुद्धा ते सुरळीत उतरतं. फुप्फुसात पोचलं की पुढे काही सेकंदांत मेंदू. वर आंब्याचा वास.

वर्ग शांत होता. मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

तास संपल्यावर तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही, त्या दिवशी नव्हतं माहीत. खोटं बोलून रुबाब राखता आला असता. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम दिलंत. म्हणजे, सोडून दिलंत." म्हणजे तीन आठवडे तो मला फार भली बाई समजत होता. ते "थँक्यू" अगदी मनापासूनचं होतं तर. मी प्रश्न विचारला. सकाळी किती वेळात? त्यानं परीक्षानळ्यांच्या स्टँडकडे बघत सांगितलं, आंघोळीला जातो तेव्हा, बाथरूममध्ये. नळ सोडून. आधी शनिवारी-रविवारीच होतं, क्लासच्या चौघांनी पैसे काढून एक मागवलेलं. आता प्रत्येकाचं वेगळं आहे. "मॅडम, नाही घेतलं की गणित सुचत नाही." एवढं बोलून रडला. चौदा वर्षांचा, मिशीची लव आलेला मुलगा, नाक शर्टाच्या बाहीला पुसत. "घरी सांगू नका," हे तर होतंच.

सांगावं लागलं. वडिलांचा हात लगेच उठतो म्हणून आईला बोलावलं. शिलाईकाम करणारी बाई, मानेवर टेप तशीच राहिलेली. मी सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पर मॅडम, मी रोज त्याची कापडं धुती. वास कधीच आला न्हाई ओ." हे ती तीन-चारदा म्हणाली. मुलाच्या वागण्यापेक्षा आपलं नाक फसलं याचाच तिला जास्त धक्का बसल्यासारखा. आम्ही दोघी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन कक्षात गेलो. केसपेपर काढायला पाऊण तास, रांगेत खोकणारी म्हातारी माणसं, फिनेलचा वास. आत मात्र त्या समुपदेशक मुलीनं त्याच्याशी अर्धा तास बोलणं केलं, आम्हाला बाहेर बसवून. या वयात बहुतेक वेळा औषधापेक्षा बोलण्यावरच भर असतो, असं नंतर म्हणाली. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं कशात तरी घालवायची. पहिले काही दिवस चिडचिड होईल, लक्ष लागणार नाही, ते चालवून घ्या. आणि फोनचा एक नंबर दिला, १८००-११-२३५६, फुकट आहे. मुलगा म्हणाला, "हा पप्पांच्या पुडीवर असतो." खरंच असतो. पुडीवर ८५ टक्के जागेत सडलेल्या तोंडाचं चित्र आणि इशारा असतो, आणि त्यातच हा नंबर असतो. त्या पिवळ्या वस्तूवर फक्त एका आंब्याचं चित्र होतं, पानासकट.

गौरी-गणपतीला गावी गेले तेव्हा आईलाही तोच प्रश्न विचारला. ती आता पंच्याहत्तरीची. उंबऱ्यावर बसलेली, बोट दातांवर. उत्तर द्यायला तिनं चूळ भरायची वाट बघायला लावली. मग म्हणाली, "डोळं उघडायच्या आदी हात डबीवर जातो बघ. कशाला इचारतीस?" मी म्हटलं, शाळेत एक मुलगा आहे. सगळं सांगितलं. पेनातनं ओढायचं म्हटल्यावर तिला काही उमगेना, पण आंब्याच्या वासाचं कळलं. बराच वेळ ती गप्प बसली. "माझ्या मिश्रीला तर लोकं नाकं मुरडायची," म्हणाली, "तरी सुटली न्हाई. आंब्याचा वास आसता तर?" डबी तिनं पदराच्या गाठीत ठेवली. मी ती मागितली नाही. मागायला हवी होती का, हे गाडी आष्टा ओलांडून गेली तरी मला ठरवता आलं नव्हतं.

मुलाचं म्हणाल तर अकरा दिवस गेले, मग एकदा घेतलं, मग पुन्हा नऊ दिवस. हे तो स्वतः येऊन सांगतो, आकडा सांगतो आणि जातो. क्लास बदललाय. बाकीच्या तिघांचं मला काही माहीत नाही. २०१९ च्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या शंभरातली साडेआठ मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. मी आता वर्गात हजेरी घेताना नकळत मोजते आणि मोजता मोजता लाज वाटते.

गिरणीसमोरची रेघ पावसानं आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी निम्मी गेली. 'क्षेत्र' तेवढं वाचता येतं. पुन्हा फोटो मागितलेत, म्हणजे पुन्हा डबा आणि ब्रश आला. खेळाचे सर म्हणाले, या खेपेला रस्त्याचा पेंट आणू, टिकतो.

परवा तासाला जाताना तिसऱ्या बाकावर पिवळं हायलायटर दिसलं. मालक पाणी प्यायला गेलेला. मी उचललं. टोपण काढलं, नाकाशी नेलं, आणि तरी भरवसा वाटेना म्हणून तळहातावर रेघ ओढली. लखलखीत पिवळी उमटली. वर बघितलं तर तो दारात उभा होता, हातात बाटली, आणि माझ्या तळहाताकडे बघत होता.

मी टोपण लावून ते बाकावर ठेवलं.

"बाटली दप्तरात ठेव," मी म्हटलं, "धडा काढ."